टीव्हीच्या एक्स्टेंडेड वॉरंटीचा क्लेम नाकारला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्ही भारतात घेतलेला आहे. कंपनीची मूळ वॉरंटी संपली आहे, वेगळे पैसे मोजून घेतलेली एक्स्टेंडेड वॉरंटी (पुढे तिलाच 'प्लॅन' म्हटलं आहे) चालू आहे, आणि ती वापरायची वेळ आली तेव्हा समोरचा हात वर करतोय. अशा ग्राहकांसाठी हे पान आहे. प्रश्न ज्या क्रमाने विचारले जातात साधारण त्याच क्रमाने दिले आहेत.

फोनवर सांगितलं की क्लेम रिजेक्ट झाला. पहिलं काम काय?

नकाराचं कारण लेखी मागा. नोटीस, ग्राहक आयोग वगैरे सगळं त्यानंतर. फोनवरच्या मुलाला तुमच्या टीव्हीत काय बिघडलंय ते माहीत नसतं. त्याच्यासमोर एक ओळ असते, ती तो वाचून दाखवतो. त्याच्याशी तासभर हुज्जत घालून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा प्लॅनच्या कागदावरच्या ईमेलवर एवढं पाठवा:

"माझा क्लेम क्रमांक अमुक. अमुक तारखेला तो नाकारल्याचं मला फोनवर सांगण्यात आलं. कृपया तीन गोष्टी लेखी कळवा: नाकारण्याचं कारण, ते प्लॅनच्या कोणत्या अटीत बसतं त्या अटीचा क्रमांक, आणि टेक्निशियनचा अहवाल, त्याने काढलेल्या फोटोंसह. सात दिवसांत उत्तर न आल्यास माझा क्लेम कारणाशिवाय नाकारला आहे असं मी समजेन."

लेखी कारणाचा एवढा आग्रह अशासाठी की कारणं बदलत जातात. आज 'फिजिकल डॅमेज', नोटीस गेली की 'व्होल्टेज', आयोगात वकील उभा राहिला की 'प्लॅन रजिस्टरच झाला नव्हता'. पहिलं कारण एकदा कागदावर आलं की ते नंतर फिरवणं त्यांना जड जातं. उत्तर आलंच नाही, तरी तुम्ही मागितलं होतं याचा पुरावा फायलीत राहतो.

ही वॉरंटी नेमकी कोणी दिली आहे, हे कसं कळणार?

बिल आणि प्लॅनचं सर्टिफिकेट शेजारी शेजारी ठेवून वाचा. चार शक्यता असतात: टीव्ही बनवणारी कंपनी, दुकानांची साखळी स्वतः, फक्त असे प्लॅन विकणारी तिसरी कंपनी, किंवा तिच्या मागे उभी असलेली विमा कंपनी. बिलावर दुकानाचं नाव, सर्टिफिकेटवर दुसऱ्याच कंपनीचं नाव आणि खाली बारीक अक्षरात विमा कंपनीचं नाव, असा तिहेरी प्रकारही सर्रास दिसतो.

हे शोधायला अर्धा तास लागला तरी चालेल, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. लोक टीव्हीच्या ब्रँडला महिनाभर ईमेल करत राहतात, आणि ब्रँड दर वेळी एकच उत्तर देतो की तुमची वॉरंटी आमच्याकडे संपली आहे. त्यात तो खोटंही बोलत नसतो.

दुकानदार म्हणतो, "आम्ही फक्त प्लॅन विकला, आमचा काही संबंध नाही."

प्लॅनचे पैसे त्याच्या काउंटरवर दिले, बिल त्याने फाडलं, "काही झालं तर आम्ही बसलोय" हेही त्यानेच सांगितलं. पुढे तक्रार करायची वेळ आली तर दुकान, प्लॅन कंपनी आणि विमा कंपनी असल्यास तीही, सगळ्यांना विरुद्ध पक्ष करा. जबाबदारी कोणाची, हे त्यांनी आयोगासमोर एकमेकांत ठरवावं. एकालाच पकडलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि तो दुसरा समोर नसतो.

टेक्निशियनने जॉबशीटवर 'फिजिकल डॅमेज' लिहिलं. आम्ही तर टीव्हीला हातही लावलेला नाही.

सर्वांत जास्त वाद याच एका शेऱ्यावर होतात, म्हणून जरा खोलात जाऊ.

टीव्हीत सगळ्यात महाग भाग म्हणजे पॅनेल. तो बदलायचा तर अनेकदा सेटच्या निम्म्याहून जास्त किंमत जाते. त्यामुळे पॅनेलचा दोष 'मार लागून झाला' असं ठरलं की मोठा खर्च वाचतो. टेक्निशियन मुद्दाम खोटं लिहितो असं माझं म्हणणं नाही. त्याला दिवसात बरीच घरं करायची असतात, आणि ॲपमध्ये ठरलेल्या चार-पाच पर्यायांतला एक दाबायचा असतो. 'फिजिकल डॅमेज' दाबायला सोपं पडतं.

तुम्ही स्वतः नीट पाहा. टीव्ही बंद करा, खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या कडेने तिरका धरा. खरोखर मार बसला असेल तर एक बिंदू सापडतो आणि तिथून कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा निघालेल्या असतात. टीव्ही चालू केला की त्या जागेभोवती काळा डाग पसरलेला दिसतो. पण पडद्यावर कुठेही तडा नाही आणि वरपासून खालपर्यंत एकच सरळ उभी रेष किंवा पट्टा आहे, तर गोष्ट वेगळी. पॅनेलच्या कडेला पातळ फिल्मवर ड्रायव्हर चिप बसवलेल्या असतात, मेकॅनिक त्यांना 'सीओएफ' म्हणतात. त्यांचं बाँडिंग सैल झालं की अशाच रेषा येतात.

तिसरा प्रकार: आवाज येतो पण पडदा काळा. टीव्ही चालू ठेवून टॉर्च पडद्याजवळ धरा. चित्राच्या पुसट हालचाली दिसल्या, तर पॅनेल बहुधा शाबूत आहे आणि मागच्या एलईडी पट्ट्या, म्हणजे बॅकलाइट गेली आहे. ही परीक्षा एलईडी टीव्हीची. ओएलईडीला बॅकलाइट नसते. बॅकलाइट जाणं हा सरळ इलेक्ट्रिकल बिघाड आहे, त्याला 'फिजिकल डॅमेज' म्हणण्याला काही आधार नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे तपासा. काच पुसायचा स्प्रे कोणी थेट पडद्यावर मारत होतं का? तो द्रव ओघळून खालच्या कडेत जातो आणि तिथल्याच चिप खराब करतो. त्याच्या खुणा उघडल्यावर दिसतात. असं झालं असेल तर तुमची बाजू लंगडी आहे, हे आधीच माहीत असलेलं बरं.

मग फोटो काढा: संपूर्ण सेट समोरून, चारही कोपरे जवळून, बंद पडदा टॉर्चच्या उजेडात, चालू पडदा पूर्ण पांढऱ्या चित्रावर, आणि मागचा सिरियल नंबरचा स्टिकर. सेट सर्व्हिस सेंटरला न्यायला माणूस आला तर त्याच्याकडून पावतीवर 'पडद्याला तडा नाही' असं लिहून घ्या. टेम्पोत काय होईल ते आपल्या हातात नसतं.

टेक्निशियन सही मागतो, नाहीतर ओटीपी मागतो. द्यायचा का?

सही करायची तर शेऱ्याखाली मराठीत लिहा: 'वरील निष्कर्ष मला मान्य नाही, पडद्यावर माराची खूण नाही.' मग सही आणि तारीख. तो कागदाचा फोटो काढू देत नसेल तर सही करू नका.

ओटीपीचं जास्त जपा. मेसेज पूर्ण वाचा. बरेचदा तो 'तक्रार बंद करण्यासाठी' असतो, आणि तो दिला की कंपनीच्या नोंदीत तुमचं काम 'समाधानकारक' झालेलं असतं. दिला गेला असेल तर त्याच दिवशी ईमेल करा की टीव्ही अजून बंदच आहे.

कारण दिलं आहे 'व्होल्टेज फ्लक्च्युएशन'. हे खोडता येतं का?

पुष्कळदा येतं. सेटच्या पाठीवरची पट्टी वाचा. बहुतेक टीव्हींवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. आपला घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. म्हणजे संध्याकाळी दिवे मंद होतात तेवढ्या चढउतारासाठी हा सेट मुळातच बनवलेला आहे. 'फ्लक्च्युएशन झालं' एवढं पुरत नाही. कशावरून झालं ते त्यांनी दाखवावं. व्होल्टेजचा झटका बसतो तेव्हा त्याच्या खुणा साधारणपणे आधी पॉवर बोर्डवर दिसतात, उडालेला फ्यूज किंवा जळालेला वॅरिस्टर (जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारा छोटा भाग). पॉवर बोर्ड ठणठणीत आणि पडद्यावर फक्त एक रेष, अशा वेळी टेक्निशियनला जळालेल्या भागाचा फोटो मागा. त्याच घरातला फ्रिज, सेट-टॉप बॉक्स, राउटर सुखरूप आहेत हेही लिहून ठेवा. प्लॅनमध्ये स्टॅबिलायझरची अट आहे का ते वाचा. नसेल तर 'स्टॅबिलायझर नव्हता' हे कारण चालणार नाही.

विजेची न्यूट्रल तार तुटून इमारतीतल्या चार घरांतली उपकरणं एकदम गेली असतील, किंवा वळवाच्या पावसात वीज पडली असेल, तर बहुतेक प्लॅन ते वगळतात. तिथे वॉरंटीवाल्याशी भांडण्यात दम नाही. न्यूट्रलचं असेल तर वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा, शेजाऱ्यांसह.

आत मुंग्या, झुरळं किंवा गंज सापडला म्हणतात.

कीटकांमुळे झालेलं नुकसान बहुतेक प्लॅनमध्ये वगळलेलं असतं, आणि पाल आत शिरून बोर्ड शॉर्ट झाला असेल तर वाद घालायला जागा थोडीच उरते. पण आत मेलेली मुंगी सापडणं वेगळं आणि मुंगीमुळे बोर्ड बिघडणं वेगळं. कोणत्या भागावर, कुठे शॉर्ट झालं, हे विचारा.

गंजाबद्दल कोकणात आणि गोव्यात विशेष ऐकू येतं. समुद्राजवळ खारी हवा असणारच. तिथल्या दुकानात, तिथल्या ग्राहकाला प्लॅन विकताना विकणाऱ्याला हे माहीत होतं. पाणी पडल्याचा डाग आणि स्क्रूवर चढलेला तांबूस थर यांतला फरक फोटोत दिसतो.

त्या अटी आम्हाला कधी दिल्याच नव्हत्या. दुकानात फक्त बिल मिळालं.

हा मुद्दा लोक रागाच्या भरात बोलतात आणि तक्रारीत लिहायचा विसरतात. तो जोरदार आहे. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने भारत वॉच कंपनी प्रकरणात, २०१९ साली, ज्या वगळणाऱ्या अटी ग्राहकाला दिल्याच नव्हत्या त्या त्याच्यावर लादता येणार नाहीत असा निर्णय दिला. वॉरंटी म्हणजे विमा नव्हे, पण तर्क तोच लागू पडतो आणि आयोगासमोर तो मांडता येतो. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मध्ये महत्त्वाची माहिती जाणूनबुजून न देणं हा सेवेतील त्रुटीचाच प्रकार मानला आहे.

मात्र ईमेलचा कोपरा न् कोपरा शोधा. खरेदीच्या दिवशी आलेल्या एखाद्या मेसेजमध्ये अटींची लिंक असते, आणि विरुद्ध पक्षाचा वकील नेमकी तीच पुढे करतो.

'सिरियल नंबर जुळत नाही' म्हणून क्लेम नाकारला.

मूळ वॉरंटीत सेट बदलून मिळाला असेल तर हे हमखास होतं. नव्या सेटचा नंबर प्लॅनमध्ये कोणी बदललाच नाही. बदलून दिल्याचं चलन किंवा जुनी जॉबशीट शोधा, दोन्ही नंबरांसह ईमेल करा. दुकानाकडून तसं पत्र घेतलंत तर उत्तम. हा वाद बहुतेक वेळा नोटिशीशिवाय मिटतो.

कंपनीची वॉरंटी चालू असतानाच तक्रार केली होती. टेक्निशियन आला तोवर ती संपली. आता दोघंही ढकलतात.

बिघाड कळवल्याची तारीख धरायची, टेक्निशियन कधी आला त्याची नाही. तक्रार क्रमांकाचा एसएमएस जपून ठेवा, तोच तुमचा हुकमाचा पत्ता आहे. हे काम आधी टीव्ही कंपनीचं.

पार्ट मिळत नाही म्हणून टीव्ही सर्व्हिस सेंटरला पडून आहे.

'पार्ट आला की कळवतो' यावर थांबू नका. प्लॅनमध्ये दुरुस्तीची मुदत दिलेली असेल तर ती दाखवा; नसेल तर तुम्ही लेखी मुदत द्या, आणि त्यानंतर टीव्ही दुरुस्त होण्यासारखा नाही असं मानून प्लॅनप्रमाणे बदली सेट किंवा पैसे मागा. बहुतेक प्लॅनमध्ये तशी तरतूद असते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या राइट टू रिपेअर पोर्टलवर कंपनीची सुट्या भागांबद्दलची आणि दुरुस्तीची माहिती सापडते का ते पाहा. दुरुस्तीचं भिजत घोंगडं ठेवणं हीसुद्धा सेवेतील त्रुटीच आहे, त्यासाठी क्लेम नाकारला जाण्याची वाट पाहावी लागत नाही.

पैसे द्यायला तयार आहेत, पण घसारा कापून.

आधी घसाऱ्याचा तक्ता प्लॅनमध्ये आहे का बघा. आहे आणि तुम्हाला तो दिलेला होता, तर तेवढी कपात सोसावी लागेल. तक्ता नसताना मनाने टक्केवारी लावली असेल तर नकार द्या. 'त्याच मॉडेलच्या आजच्या किमतीइतके' असं लिहिलेलं असेल तर आणखी एक गोम आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे आजची किंमत बिलापेक्षा कमी निघू शकते. बिलाची किंमत की आजची, हे अटीच्या शब्दांवर ठरेल.

रोख मिळणार की त्याच दुकानाचं व्हाउचर, हेही विचारा. आणि 'फुल अँड फायनल'च्या कागदावर मुकाट सही केलीत तर पुढचं भांडण जवळजवळ संपलं. गरज असेल तर रक्कम घ्या, पण 'हक्क राखून, निषेधासह स्वीकारली' असं आधी ईमेलने कळवून.

१९१५ वर फोन करून काही होतं का?

होतं, बरेचदा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा हा नंबर, मराठीतही बोलता येतं. ते तुमची तक्रार थेट कंपनीच्या वरच्या पातळीवर पाठवतात आणि तुम्हाला क्रमांक मिळतो. आदेश द्यायचा अधिकार त्यांना नाही. मोठ्या दुकानांच्या साखळ्या आणि ब्रँड इथे पटकन हलतात, छोट्या प्लॅन कंपन्या तितक्या हलत नाहीत असा माझा अंदाज आहे. काही आठवड्यांत निकाल लागला नाही तर पुढे चला. हेल्पलाइनवर तक्रार पडून राहिली म्हणून आयोगात तक्रार करायची मुदत थांबत नाही.

कस्टमर केअरचा नंबर गूगलवरून घेतला, त्याने ॲप डाउनलोड करायला सांगितलं.

फोन ठेवा. तो भामटा आहे. नंबर फक्त बिल, सर्टिफिकेट किंवा कंपनीच्या अधिकृत साइटवरून घ्या. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर सायबर तक्रार करा. सोशल मीडियावर तक्रार टाकताना मोबाइल नंबर आणि बिलाचा फोटो टाकू नका. हे लोक तिथेच टपून बसलेले असतात.

वकिलाची नोटीस लागते का?

ग्राहक आयोगात जाण्यापूर्वी नोटीस द्यावीच अशी कायद्यात सक्ती नाही, पण द्या. स्वतः लिहिलेली चालते. स्पीड पोस्टने पाठवा, पोचल्याची नोंद छापून ठेवा. मजकूर असा पुरेसा आहे:

"मी अमुक तारखेला अमुक मॉडेलचा टीव्ही इतक्या रुपयांना घेतला आणि इतके रुपये देऊन अमुक प्लॅन घेतला. अमुक तारखेला पडद्यावर उभी रेष आली. आपल्या टेक्निशियनने माराची कोणतीही खूण न दाखवता 'फिजिकल डॅमेज' असा शेरा दिला व क्लेम नाकारला. मी फोटो सोबत जोडत आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत टीव्ही विनामूल्य दुरुस्त करून द्यावा, ते शक्य नसल्यास प्लॅनप्रमाणे बदली सेट किंवा रक्कम द्यावी. अन्यथा मी जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन व खर्चाची जबाबदारी आपली राहील."

'आपणांस अद्दल घडवीन' छापाची वाक्यं गाळा. ती वाचून न्यायाधीशावर तुमचीच छाप वाईट पडते.

ग्राहक आयोगात किती खर्च येतो आणि कुठे जायचं?

टीव्हीच्या वादात शुल्क शून्य. पाच लाख रुपयांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तू किंवा सेवेच्या तक्रारीला फी नाही. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगात चालतात, म्हणजे तुमचं तिथेच. वकील लागत नाही, तक्रार मराठीत देता येते. दुकान मुंबईत आणि तुम्ही साताऱ्यात राहत असाल तर साताऱ्यातच दाखल करा. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करायची मुभा दिली आहे. जुन्या १९८६ च्या कायद्यात ती नव्हती, म्हणून अजूनही काही जण 'दुकानाच्या गावी जावं लागेल' असं सांगतात.

मुदत: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. साधारणपणे क्लेम नाकारल्याची तारीख धरली जाते. लेखी नकार हवा त्याचं हेही एक कारण.

ऑनलाइन दाखल करायचं तर १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे, आधीचं ई-दाखिल त्यात सामावलं. बिल, प्लॅन, जॉबशीट, ईमेल, फोटो, नोटीस आणि शपथपत्र जोडायचं. मोबाइलवरचे फोटो आणि व्हॉट्सॲप चॅट देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं. एखाद्या जुन्याजाणत्या मेकॅनिककडून लेखी मत आणि त्याचं शपथपत्र मिळालं तर तक्रारीला वजन येतं. कंपनी अडूनच बसली तर सेट प्रयोगशाळेत तपासायला पाठवा अशी विनंती आयोगाला करता येते.

विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. कायद्यानुसार प्रकरण तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाली निघायला हवं. प्रत्यक्षात तसं घडतंच असं नाही, हे गृहीत धरूनच उतरा. व्हिडिओवरून सुनावणीची विनंती करता येते. कागद तपासून हवे असतील तर ग्राहक संघटनांकडे जा. ही चळवळ आपल्याकडे जुनी आहे: बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून आहे.

टीव्ही मुलाने अमेरिकेतून ऑनलाइन मागवला, बिल त्याच्या नावावर. तक्रार आम्ही करू शकतो का?

हो. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहक आहे. मुलाचा संमतीचा ईमेल जोडा. प्लॅन मात्र 'अहस्तांतरणीय', म्हणजे दुसऱ्याच्या नावावर न होणारा, असेल तर क्लेम त्याच्याच खात्यातून टाकलेला बरा.

टीव्ही होमस्टेच्या खोलीत लावला होता.

मालवणपासून काणकोणपर्यंत हा प्रश्न येतो. बहुतेक प्लॅन व्यावसायिक वापर वगळतात, आणि तसा वापर दिसला तर प्लॅनच्या अटीवर तुम्ही हरता. स्वयंरोजगारासाठी, पोटापाण्यापुरतं काम करणारा ग्राहकच मानला जातो हे खरं, पण त्यामुळे आयोगाचं दार उघडतं, अट पुसली जात नाही.

अटींत लिहिलंय की वाद लवादाकडे जाईल आणि तोही बंगळुरूला.

घाबरू नका. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगात जाता येतं, हे एमार एमजीएफ प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात पक्कं झालं. बंगळुरूलाच जावं लागेल असंही नाही, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते हे वर सांगितलं आहे.

अट अन्यायकारक आहे म्हणून तीच रद्द करून हवी असेल, तर 'अनुचित करार' या नावाखालची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगात जावं लागतं. टीव्हीसाठी एवढा पसारा मांडू नये. सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा आयोगातच लढा.

नवा टीव्हीच मिळेल का? नुकसानभरपाई किती मागू?

दुरुस्त होत असेल तर दुरुस्तीच मिळेल. वॉरंटीत सदोष भाग बदलायचं वचन असेल तर अख्खी वस्तू बदलून मागता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने मारुती उद्योगच्या प्रकरणात २००६ साली घेतली होती. तेव्हा मागणी पायऱ्यांनी लिहा: दुरुस्ती, नाहीतर बदली सेट, नाहीतर व्याजासह रक्कम. मानसिक त्रासापोटी आणि तक्रारीच्या खर्चापोटी झेपेल असा आकडा मागा. चाळीस हजारांच्या टीव्हीसाठी पाच लाख मागितले की खरी तक्रारही बेगडी वाटायला लागते.

विमा लोकपालांकडे जाता येईल का?

विमा लोकपाल म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. त्याच्याकडे जाता येतं, पण विमा पॉलिसी तुमच्या नावावर असेल तरच. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात समाधान न झाल्यास लोकपाल. कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी नाही. पॉलिसी प्लॅन कंपनीच्या नावावर असेल तर हा मार्ग सोडा.

टीव्ही हप्त्यांवर आहे. हप्ते थांबवू का?

नका. कर्ज देणाऱ्याशी तुमचा करार वेगळा आहे. तुमचा सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत) बिघडेल आणि वसुलीचे फोन सुरू होतील. मात्र वित्त कंपनीनेच न विचारता प्लॅन कर्जात घुसवला असेल तर तिच्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं.

ऑनलाइन खरेदीत प्लॅन आपोआप टिक झालेला होता.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार आधीच टिक केलेल्या चौकोनाला संमती मानता येत नाही, आणि नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला फसवणारी साइटची रचना) याविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांतही अशा घुसवाघुसवीला मनाई आहे. साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निपटारा द्यायचा असतो. पण नीट विचार करा: प्लॅन नको होता म्हणून पैसे परत हवेत, की प्लॅनचा क्लेम हवा? दोन्ही एकदम मागता येत नाहीत.

घरात आजारी माणूस आहे, टीव्हीशिवाय दिवस जात नाही. बाहेरच्या मेकॅनिककडून करून घेऊ का?

सेट बाहेर उघडला की प्लॅन बाद होतो, बहुतेक ठिकाणी हीच अट असते. अगदीच थांबणं शक्य नसेल तर आधी ईमेल करा की अमुक तारखेपर्यंत तुम्ही आला नाहीत तर मी दुरुस्ती करून घेईन आणि खर्च तुमच्याकडून मागेन. काढलेला पार्ट फेकू नका. मेकॅनिककडून काय बदललं आणि का, हे बिलावर लिहून घ्या. त्यापेक्षा जुना, छोटा सेट कोणाकडून आणता आला तर बघा.

आयोगाचा निकाल माझ्या बाजूने लागला, पण पैसे येत नाहीत.

कंपनीला ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करता येतं, पण त्यासाठी आदेशातल्या रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. अपील नाही आणि पैसेही नाहीत, तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज द्या. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली वसुली होते; कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम ७२ चा अर्ज दाखल झाला की समन्स निघतं, आणि बहुतेक वेळा चेक त्याच्या पुढच्या तारखेच्या आत येतो. चेकसोबत 'सर्व वाद मिटले' असा कागद आला तर सही करण्यापूर्वी आदेशातलं व्याज आणि खर्च त्यात धरलाय का, ते मोजून बघा.